युद्धाचे छायाचित्र कसे पाहावे?

नभोवाणीवरून छायाचित्रांविषयी बोलणे म्हणजे एक प्रकारची आंधळी कोशिंबीरच होय. मला चित्र दाखविता येत नाही आणि आपणांस ते पाहता येत नाही. तथापि आज एक चित्र आपण मनासमोर आणावे, अशी माझी विनंती आहे. समुद्रकिनारा आहे. वाळूवर कॅनव्हासचे एक भले मोठे घंगाळ ठेवल्यासारखे दिसते. घंगाळाच्या खाली रणगाड्याचे लोखंडी पट्टे आहेत आणि काठावरून एक सैनिक डोके काढून पाहत आहे. माझ्या नातवाने परवा हे चित्र मला दाखविले आणि हसत हसत विचारले, "आजोबा, हा रणगाडा की पाळणा?"

मीही हसलो. परंतु पुष्कळ वर्षे मुलांना इतिहास शिकविलेल्या मास्तराला तो प्रश्न तसाच सोडून देववेना. विचित्र दिसणारे यंत्र हे बहुधा कोणत्या तरी अडचणीचे उत्तर असते. अडचण ठाऊक नसली म्हणजे उत्तर हास्यास्पद वाटते. तेव्हा प्रथम अडचण काय होती ते पाहू.

त्यासाठी फ्रान्समधील दिएप बंदरी जावे लागेल. १९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे दोस्त राष्ट्रांच्या सुमारे सहा हजार सैनिकांनी तेथे छापा घातला. त्यांत पाच हजारांच्या आसपास सैनिक कॅनडाचे होते. सोबतीला चर्चिल नावाचे नवे रणगाडे होते. परंतु तो किनारा वाळूचा नव्हे, गोट्यांचा होता. गोटे पट्ट्यांत अडकले आणि कित्येक रणगाडे जागच्या जागी खिळून राहिले. जे समुद्राची भिंत ओलांडून गेले, त्यांची वाट गावाच्या तोंडाशी काँक्रीटच्या अडसरांनी अडविली. ते अडसर उडवून देण्यासाठी निघालेले सफरमैना उघड्यावर गोळीबारात सापडले. दुपारपर्यंत सारे आटोपले. नऊशेंहून अधिक कॅनेडियन सैनिक प्राणांस मुकले. किनाऱ्यावर उतरलेल्या रणगाड्यांपैकी एकही परत गेला नाही.

त्या किनाऱ्याची छायाचित्रे जर्मनांनी काढली आणि आपल्या विजयाची जाहिरात म्हणून जगापुढे मांडली. गोट्यांत बसकण मारलेला रणगाडा त्यांत स्पष्ट दिसतो. पण तेच चित्र दुसऱ्या दृष्टीने पाहिले, तर ती एक प्रश्नपत्रिकाच आहे. रणगाडे घसरत्या, रुतत्या जमिनीवरून न्यावे कसे? भिंत चढावी कशी? खंदक बुजवावा कसा? आणि ही कामे करणारा सफरमैना उघड्यावर मरू नये म्हणून काय करावे?

ही प्रश्नपत्रिका सोडविण्याचे काम सेनापती पर्सी होबार्ट यांच्याकडे आले. यांचा जन्म १८८५ साली आपल्याच देशात, नैनितालला झाला. ते मूळचे सफरमैना दलातील. वरिष्ठांशी न पटल्यामुळे १९४० साली त्यांना निवृत्त व्हावे लागले आणि सेनापती असलेला हा गृहस्थ गावच्या होमगार्डात साधा लान्स कॉर्पोरल म्हणून उभा राहिला. पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांना परत बोलाविले. १९४३ साली ७९ व्या चिलखती डिव्हिजनकडे खास कामांचे रणगाडे सज्ज करण्याची कामगिरी सोपविण्यात आली.

या रणगाड्यांची छायाचित्रे आता सहज पाहावयास मिळतात. एकाच्या डोक्यावर काटक्यांची अजस्र मोळी असते. ती खंदकात टाकून वरून पलीकडे जावयाचे. ही युक्ती जुनी, १९१७ साली कांब्रेच्या लढाईत वापरलेली. दुसऱ्याच्या पुढे फिरता रूळ आणि रुळाला ४३ साखळ्या असतात. खळ्यावर धान्य झोडपावे तशी तो जमीन झोडपतो आणि पुरलेले सुरुंग फुटतात. हिची पहिली आवृत्ती १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात उतरली होती. तिसरा रणगाडा पुढे मोठे रीळ घेऊन चालतो आणि लग्नघरी पायघड्या घालाव्यात तसा गोणपाटाचा सुमारे दहा फूट रुंद पट्टा स्वतःच्याच वाटेवर अंथरीत जातो.

पण पायघड्या घालावयाच्या त्या नेमक्या कोठे? येथे छायाचित्रांची दुसरी बाजू दिसते. १९४२ साली बी.बी.सी.ने आपल्या श्रोत्यांना आवाहन केले, की युरोपच्या किनाऱ्यावर सुट्टीत काढलेली छायाचित्रे आणि तिकडची चित्रमय कार्डे सरकारकडे पाठवावीत. घरोघरच्या आल्बमांतून लाखो चित्रे आली. गुडघाभर पाण्यात उभी असलेली मुले हे आईबापांच्या दृष्टीने कौतुकाचे चित्र. परंतु जाणत्या माणसाला त्यावरून पाण्याची खोली आणि किनाऱ्याचा उतार यांचा अदमास करता येतो. काढणाऱ्याच्या मनात नसलेल्या कितीतरी गोष्टी छायाचित्रात येऊन बसतात.

मात्र वाळू टणक आहे की मऊ, हे कोणतेही छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री स्कॉट-बाउडन आणि ऑग्डेन-स्मिथ हे दोघे सैनिक गोठविणाऱ्या पाण्यातून पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि पहारेकऱ्यांच्या नजरेखालून वाळूचे नमुने घेऊन परतले. त्या रात्रीचे छायाचित्र कोण काढणार?

आता पुन्हा आपल्या घंगाळाकडे वळू. मूळचे हंगेरीचे अभियंते निकोलस स्ट्रॉस्लर यांची ही कल्पना. सुमारे तीस टनांच्या शेर्मन रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा उभारावयाचा. तो नावेसारखा तरंगतो आणि मागील दोन पंख्यांच्या जोरावर किनाऱ्याकडे सरकतो. किनारा लागताच पडदा पाडला, की आतून तोफ प्रकट होते. ६ जून १९४४ रोजी सोर्ड किनाऱ्यापाशी सोडलेल्यांपैकी बहुतेक सुखरूप पोहोचले. ओमाहा किनाऱ्यापुढे समुद्र खवळलेला होता. तेथे एका अमेरिकन पलटणीने दूरवर पाण्यात सोडलेल्या २९ रणगाड्यांपैकी २७ बुडाले. त्यांतील काही माणसे वाचली, काही रणगाड्याबरोबरच गेली. कोरड्या वाळूवर निवांत काढलेल्या छायाचित्रात यांतले काहीच दिसत नाही. नातवाला मी एवढेच सांगितले, "बाळ, त्या पातळ कापडावर पाच माणसांचा जीव टांगलेला असे." तो मग हसला नाही.

युद्धकाळचे छायाचित्र सहसा कोणाच्या तरी परवानगीने आपल्यापर्यंत आलेले असते. सैन्याचेच छायाचित्रकार ते काढीत आणि छापण्यापूर्वी ते तपासनिसाच्या हाताखालून जाई. कित्येक चित्रांत वाहनावरील पलटणीची खूण खरवडून टाकलेली आढळते. खूण खोडलेली दिसते, म्हणून ते ध्यानात तरी येते. मुळात जे काढलेच नाही, ते मात्र आपले आपणच ताडावे लागते.

येथे माझी एक चूक कबूल करतो. होबार्ट यांच्या रणगाड्यांत क्रोकोडाइल नावाचा एक होता. मागील गाडीत चारशे गॅलन इंधन घेऊन तो शंभर यार्डांपलीकडे आगीचा लोट फेकी. वर्गात त्याचे चित्र दाखविताना मी यंत्राची करामत मोठ्या रंगात येऊन सांगत असे. एकदा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, ती आग जिकडे चालली आहे, तिकडचे चित्र कोठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. मी पुस्तक मिटले. त्या दिवसापासून चित्राच्या चौकटीबाहेर पाहण्याची मला सवय लागली.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धातील पॅटनपर्यंत अनेक वाहने तेथे उभी आहेत. मुलांना घेऊन अवश्य जावे. त्यांनी रणगाड्यापुढे उभे राहून आनंदाने छायाचित्रे काढावीत. त्यात गैर काही नाही. फक्त घरी आल्यावर ती पुन्हा पाहताना त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. हे यंत्र कोणत्या अडचणीसाठी घडले? हे चित्र कोणी, कोणासाठी काढले? आणि यात कोण दिसत नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत सापडतील. तिसऱ्यापाशी मुले थोडा वेळ गप्प राहिली, तर त्यांना घाई करू नये.