टाइल टिकते, दर्ज का झिजते?

जेऊरला एका शिक्षक मित्राकडे आम्ही उतरलो होतो. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत फुगली होती. गिलावा हाताने सुटत होता, वर पांढरा लोणा आला होता. नळ तपासून झाले होते, पण गळती सापडत नव्हती. न्हाणीघरात पाहिलं तर टाइल्स चकचकीत होत्या, मात्र त्यांच्यामधल्या फटींतलं पांढरं सिमेंट जागोजाग गेलं होतं. या फटीला गवंडी 'दर्ज' म्हणतात. तिच्यातूनच रोजच्या अंघोळीचं पाणी भिंतीत मुरत होतं.

टाइल टिकते आणि दर्जच का झिजते? टाइल म्हणजे भाजलेली माती, वर काचेसारखा थर. दर्जेत असतं ते पांढरं सिमेंट. पाणी उडून गेल्यामुळे सिमेंट घट्ट होतं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होतं. त्यातून कॅल्शिअम सिलिकेटचा चिवट पदार्थ बनतो आणि सोबत कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपली चुन्याची निवळी जिच्यापासून होते तो चुना. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या चुन्याचं हळूहळू कॅल्शिअम कार्बोनेट होतं.

आता न्हाणीघरातले पांढरे डाग पाहू. या भागात बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते वाळलं की टाइल्सवर जो थर उरतो, तोही मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटच! तो काढायला आपण ऍसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल ओततो. आम्लाला डाग कोणता आणि दर्ज कोणती हे कळत नाही. दोन्ही विरघळतात. टाइल उजळते आणि दर्ज पोखरली जाते. आमच्या मित्राकडे हेच झालं होतं. शहाबादी फरशी तर चुनखडकाचीच. तिच्यावर ऍसिड पडलं की फरशीच फसफसते.

ऍसिडचा धोका एवढ्यावर थांबत नाही. ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. शाळेची स्वच्छतागृहं धुणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

दर्जा पुन्हा भरणं अवघड नाही. जुनं सिमेंट हॅकसॉच्या पात्याने निदान टाइलच्या निम्म्याहून अधिक जाडीपर्यंत खरवडावं. वरवर लिंपलेला थर टिकत नाही. धूळ ब्रशने काढून भिंत काही दिवस वाळू द्यावी. भरण्यापूर्वी दर्ज ओलसर करावी, नाहीतर कोरडी भिंत नव्या सिमेंटमधलं पाणी शोषून घेते. मग घट्ट लगदा रबराच्या तुकड्याने दाबून भरावा आणि थोड्या वेळाने ओल्या स्पंजने टाइल्स पुसाव्यात. सिमेंट अल्कधर्मी असल्याने हातमोजे घालावेत. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात थोडी हालचाल होते. तिथे ताठ सिमेंट तडकतं, म्हणून लवचीक सिलिकॉन भरावं.

लगदा घट्टच का? १०० ग्रॅम सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी सुमारे २५ ग्रॅम पाणी लागतं. कालवता येण्यासाठी आपण थोडं जास्त घालतो. पण हे जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे सूक्ष्म छिद्रं राहतात. उलट, भरल्यावर पाणी लवकर उडालं तर क्रियाच अर्धवट राहते. सोलापूरकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ही भीती अधिक. म्हणून पहिला दिवस न्हाणीघर वापरू नये आणि पुढचे तीन-चार दिवस दर्जांवर पाणी शिंपडत राहावं.

वर्गात करून पाहा : अंड्याचं कवच, बादलीवरचा पांढरा थर आणि जुन्या दर्जेचा तुकडा यांवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे कशावर येतात? नंतर पांढऱ्या सिमेंटच्या दोन सारख्या वड्या करा. एक ओल्या फडक्यात ठेवा, दुसरी उन्हात. आठवड्याने दोन्ही खिळ्याने ओरखडा. कोणती भुसभुशीत निघाली? का?

आमच्या मित्राने दर्जा भरून घेतल्या. आता ते टाइल्स अंघोळीनंतर लगेच पुसून घेतात. पाणी वाळलंच नाही, तर डाग कुठून पडणार?