हाफेनसिटी

हाफेनसिटी हा जर्मनीतील हांबुर्ग शहराच्या मध्यभागी, एल्बे नदीच्या काठी वसलेला एक नगरविभाग आहे. या नावाचा शब्दशः अर्थ ‘बंदरनगरी’ असा होतो. वापरातून गेलेल्या जुन्या बंदराच्या सुमारे १५७ हेक्टर क्षेत्रावर (जलक्षेत्र धरून) येथे घरे, कार्यालये, शाळा, दुकाने व उद्याने उभारण्यात येत आहेत. युरोपातील शहरांतर्गत पुनर्विकासाच्या मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होते. २००८ साली हाफेनसिटीला स्वतंत्र नगरविभागाचा दर्जा मिळाला.

पूर्वेतिहास

१८६६ साली येथे झांडटोरहाफेन ही गोदी सुरू झाली. जहाजे थेट धक्क्याला लागून त्यांवरील माल रेल्वेच्या डब्यांत चढवता येऊ लागला. १८८८ मध्ये हांबुर्ग जर्मन जकात संघात सामील झाले. मात्र व्यापारासाठी जकातमुक्त बंदराचे क्षेत्र राखून ठेवण्यात आले. त्यातील वखारींसाठी १८८३ पासून केअरवीडर व वांडराम या भागांतील वस्ती पाडण्यात आली आणि सुमारे २०,००० रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्या जागी कॉफी, चहा, मसाले, गालिचे इत्यादी माल साठवण्यासाठी ‘श्पायकरश्टाट’ हा विटांच्या वखारींचा परिसर उभा राहिला. २०१५ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंटेनर वाहतूक वाढली. मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि कंटेनर ठेवण्यास विस्तीर्ण मोकळी जागा लागते. जुन्या अरुंद गोद्यांत दोन्हींचा अभाव होता. त्यामुळे हांबुर्गचे बंदर बंद पडले नाही, तर त्याचा मुख्य व्यवहार नदीच्या दक्षिणेकडे सरकला आणि शहरालगतच्या जागेचे महत्त्व ओसरले.

योजना

मे १९९७ मध्ये महापौर हेनिंग फोशेराऊ यांनी या जागेच्या पुनर्विकासाची योजना जाहीर केली. बहुतेक जमीन शहराच्याच मालकीची होती. सट्टेबाजीने किमती वाढू नयेत म्हणून प्राथमिक तयारी गुप्तपणे करण्यात आली होती. डच वास्तुरचनाकार केस क्रिस्टियान्से यांच्या सहभागाने तयार झालेला आराखडा २००० साली मंजूर झाला व पुढील वर्षी इमारतींचे काम सुरू झाले. विकासकाला भूखंड लगेच विकला जात नाही. प्रथम तो त्याच्यासाठी राखून ठेवला जातो. आराखडा व परवानगी यांची पूर्तता झाल्यावरच विक्री होते. त्यामुळे बांधकामावर शहराचे नियंत्रण राहते.

जमीनविक्रीतून मिळणारा पैसा आरंभी आल्टेनवेर्डर येथील नव्या कंटेनर धक्क्यासाठी योजलेला होता. हा धक्का २००२ साली सुरू झाला. त्यासाठी तेथील मच्छीमारांचे जुने गाव हटवण्यात आले. गावाची खूण म्हणून चर्च व दफनभूमी उरली आहे. अशा रीतीने एका ठिकाणी बंदराच्या जागी वस्ती आली, तर दुसऱ्या ठिकाणी वस्तीच्या जागी बंदर आले.

पुरापासून संरक्षण

उत्तर समुद्रातील वादळांमुळे एल्बे नदीत पाणी चढते. फेब्रुवारी १९६२ च्या पुरात हांबुर्गमध्ये ३१५ जण मृत्युमुखी पडले. हाफेनसिटी शहराच्या मुख्य पूरबांधाबाहेर आहे. संपूर्ण परिसराभोवती बांध घालायचा, तर पहिल्या घराआधीच तो पूर्ण करावा लागला असता, शिवाय पाण्याशी असलेला संबंधही तुटला असता. म्हणून इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंचीच्या कृत्रिम उंचवट्यांवर बांधल्या आहेत. किनारपट्टीवरील सखल प्रदेशात उंचवट्यांवर घरे बांधण्याची प्रथा जुनी आहे. उंचवट्यांच्या पोटात वाहनतळ आहेत. काठावरील पायवाटा मात्र मुद्दाम खाली ठेवल्या असून उधाणाच्या वेळी त्या पाण्याखाली जातात.

निवास व टीका

सुरुवातीची घरे महाग असल्याने ही श्रीमंतांची वसाहत होईल, अशी टीका झाली. पुढे नव्या निवासी प्रकल्पांतील साधारण एक तृतीयांश घरे सरकारी साहाय्याने, मर्यादित भाड्याने देण्याचे धोरण आले. गृहनिर्माण सहकारी संस्थांनाही भूखंड मिळाले. जुन्या वखारीवर उभारलेले एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह जानेवारी २०१७ मध्ये खुले झाले. त्यावरील सार्वजनिक खर्च ७.७ कोटी युरोंच्या आरंभीच्या अंदाजावरून ७८.९ कोटी युरोंवर गेल्याने मोठा वाद झाला. पूर्व टोकावरील एल्बटॉवर या गगनचुंबी इमारतीचे काम विकासकाच्या आर्थिक अडचणींमुळे २०२३ मध्ये अर्ध्यावर थांबले.

स्मृतिस्थळ

येथील हानोफर रेल्वेस्थानकातून १९४० ते १९४५ या काळात ८,००० हून अधिक ज्यू, सिंती व रोमा लोकांना छळछावण्यांकडे व वस्तीबंद विभागांकडे पाठवण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ लोझेपार्क उद्यानात २०१७ साली स्मारक उभारण्यात आले. स्थानकाच्या जुन्या फलाटाचे अवशेष तेथे जतन केले आहेत.