खडतर मार्गावरील वाहनांचे सस्पेन्शन भाग आणि वेल्डिंग रॉडची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

सोलापूर हे शहर चादरी व टॉवेल यांसाठी सर्वदूर परिचित आहे. तथापि अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींमुळे या शहराला यंत्रकामाचीही परंपरा लाभलेली आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ऊस हे प्रमुख नगदी पीक असून गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या व जीप यांना काळ्या मातीच्या शिवारवाटांवरून ये-जा करावी लागते. अशा वाहनांचे पाटे, शॅकल, हँगर व आसाचे कवच यांवर सतत आघात होतात. ते तुटल्यास जोडणे किंवा वाहन उंच करण्यासाठी त्यांत फेरबदल करणे, ही कामे बहुधा रस्त्याकाठच्या गॅरेजमध्ये केली जातात. तेथे रॉडची निवड पुष्कळदा सवयीने अथवा किमतीवरून होते. वस्तुतः ही निवड धातूच्या स्वरूपावर अवलंबून असली पाहिजे. प्रस्तुत लेखात या निवडीमागील शास्त्रीय तत्त्वांचे विवेचन केले आहे.

रॉडवरील अंकांचा अर्थ :

वेल्डिंग रॉड म्हणजे पोलादी तार व तिच्यावरील रासायनिक लेप होय. तारेमुळे सांध्याला धातू मिळतो, तर लेपामुळे वितळलेल्या धातूचे हवेपासून संरक्षण होते, मळी तयार होते व ज्योत स्थिर राहते. बाजारात 'ई ६०१३' व 'ई ७०१८' हे दोन प्रकार सर्वाधिक आढळतात. पहिले दोन अंक सांध्यातील धातूचे किमान ताणसामर्थ्य दर्शवितात. ६० म्हणजे दर चौरस इंचास ६०,००० पौंड (सुमारे ४१४ मेगापास्कल) व ७० म्हणजे ७०,००० पौंड (सुमारे ४८३ मेगापास्कल). तिसऱ्या १ या अंकावरून तो रॉड सर्व स्थितींत वापरता येतो हे कळते. शेवटचा अंक लेपाचा व विद्युतप्रवाहाचा प्रकार सांगतो. भारतीय मानक आयएस ८१४ मध्ये याच रॉडसाठी वेगळी संकेतपद्धती असून पुडक्यावर अनेकदा दोन्ही संकेत छापलेले असतात.

ई ६०१३ चा लेप रुटाइलयुक्त असतो. ज्योत सहज पेटते, मळी सहज निघते व साधे एसी यंत्रही पुरते. म्हणूनच तो गॅरेजमध्ये लोकप्रिय आहे. पत्रा, मडगार्ड, ट्रॉलीचा फाळका यांसाठी तो योग्य होय. मात्र त्याच्या सांध्यात हायड्रोजनचे प्रमाण अधिक राहते. ई ७०१८ चा लेप क्षारधर्मी व अल्प-हायड्रोजन प्रकारचा असून त्यात लोहभुकटी असते. त्याचा सांधा अधिक तन्य असतो व आघात अधिक सोसतो. त्यासाठी रॉड धन टोकास जोडलेला डीसी प्रवाह इष्ट मानला जातो.

हायड्रोजनमुळे पडणारी भेग :

सांध्यातील सर्वात फसवी भेग हायड्रोजनमुळे पडते. तिला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : धातूत विरघळलेला हायड्रोजन, जलद थंड झाल्याने बनलेली कठीण व ठिसूळ रचना (मार्टेन्साइट) आणि सांध्यातील ताण. ही भेग सांधा निवल्यानंतर, कधी एक-दोन दिवसांनीही, पडते. त्यामुळे गॅरेजमधून निर्दोष दिसणारे वाहन बाहेर पडते आणि दोष पुढे रस्त्यावर प्रकट होतो.

हायड्रोजनचा मुख्य स्रोत ओलावा, गंज, रंग व ग्रीस हे होत. म्हणून ई ७०१८ हा रॉड केवळ विकत घेणे पुरेसे नाही. तो कोरडा राखणे आवश्यक आहे. सीलबंद डबा उघडल्यावर हे रॉड सुमारे १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवतात. ओल लागल्यास उत्पादकाच्या सूचनेनुसार, सामान्यतः ३०० ते ३५० अंशांवर, एक ते दोन तास भाजतात. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातून काढलेला ई ७०१८ नावापुरताच अल्प-हायड्रोजन राहतो. सेल्युलोजयुक्त ई ६०१० मात्र असा भाजू नये, कारण त्याच्या लेपात काही ओलावा असणे आवश्यकच असते.

धातूची ओळख व कार्बन तुल्यांक :

पोलाद वेल्डिंगला कितपत अनुकूल आहे, हे कार्बन तुल्यांकावरून ठरविता येते. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग. क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग. आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळविला की हा अंक येतो. ०.२० टक्के कार्बन व ०.८० टक्के मँगनीज असलेल्या नरम पोलादाचा तुल्यांक सुमारे ०.३३ येतो. पाट्यांच्या पोलादात कार्बन सुमारे ०.६० व मँगनीज सुमारे ०.९० टक्के धरल्यास तो ०.७५ होतो. तुल्यांक ०.४५ च्या पुढे गेला की पूर्वतापन व सावकाश निववणे यांकडे लक्ष द्यावे लागते. ०.७५ ला सामान्य गॅरेजमधील वेल्डिंग धोक्याचे ठरते.

गॅरेजमध्ये रासायनिक पृथक्करण शक्य नसते. पण ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून अंदाज बांधता येतो. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब व कमी फाटे असलेल्या, अधिक कार्बनच्या पोलादाच्या दाट फुलोऱ्यासारख्या, तर बिडाच्या आखूड व तांबूस असतात. कठीण भागावर कानस घसरते, हीदेखील एक खूण आहे.

भागनिहाय निवड :

१) स्प्रिंग पर्च व हँगर : जुन्या जीपमध्ये वाहन उंच करण्यासाठी आसाखालचे पाटे आसावर घेतले जातात व त्यासाठी आसाच्या नळीवर नवे पर्च जोडावे लागतात. हे भाग सामान्यतः कमी कार्बनच्या पोलादाचे असल्याने कोरडा ई ७०१८ योग्य ठरतो. ३.१५ मिलिमीटर रॉडसाठी साधारणतः १०० ते १४० अँपिअर प्रवाह पुरतो. नळी वाकू नये म्हणून लहान लहान टप्प्यांत व आलटून-पालटून सांधा भरावा.

२) आसाचे बिडाचे मध्यकवच : काही आसांत पोलादी नळ्या ओतीव कवचात दाबून बसविलेल्या असतात. येथे पोलादाचा रॉड वापरल्यास सांध्यालगत ठिसूळ थर बनतो. सुमारे ५५ टक्के निकेल असलेला निकेल-लोह रॉड, पूर्वतापन, आखूड टप्पे व राखेत किंवा चुन्यात सावकाश निववणे, हा त्यावरील मार्ग होय.

३) पाटे, टॉर्शन बार व गुंडाळी स्प्रिंग : हे भाग उष्णोपचाराने कमावलेले असतात. कोणत्याही रॉडने त्यांना वेल्डिंग करू नये. तुटलेला पाटा बदलावा. शेजारी काम करताना त्यावर ज्योतीचा ठिपका पडला किंवा अर्थचा चिमटा लावल्याने ठिणगी उडाली, तरी तेथे कठीण बिंदू बनून भेगेचा आरंभ होऊ शकतो. म्हणून काम करताना पाटे झाकून ठेवावेत.

४) स्टिअरिंगचे घडीव भाग : यांच्या तुटण्याने वाहनावरील ताबाच सुटतो. म्हणून येथेही बदल हाच उपाय आहे.

'मजबूत रॉड' हा गैरसमज :

अधिक सामर्थ्याचा रॉड वापरला की सांधा अधिक टिकतो, असा समज रूढ आहे. सस्पेन्शनचे भाग मात्र एकाच मोठ्या भाराने क्वचित तुटतात. लक्षावधी लहान आघातांनी त्यांची श्रांती होते व सांध्याच्या कडेला भेग सुरू होते. वेल्ड केलेल्या सांध्याचे श्रांतीसामर्थ्य पोलादाच्या वा रॉडच्या ताणसामर्थ्यापेक्षा सांध्याच्या आकारावर अधिक अवलंबून असते. कडेची खाच, अडकलेली मळी व फुगीर मणी हे खरे शत्रू होत. म्हणून ई ११०१८ सारखा रॉड आणण्यापेक्षा सांध्याचा शेवट अधिक ताणाच्या जागेपासून दूर ठेवणे व कडा ग्राइंडरने सौम्य करणे अधिक हितावह ठरते.

कायदेशीर बाजू :

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होईल असा फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली आहे. त्यामुळे झिजलेल्या हँगरची दुरुस्ती व वाहनाचे स्वरूप बदलणे यांत भेद करावा लागतो.

समारोप :

रॉड निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे : हा धातू कोणता, तो वेल्डिंगला योग्य आहे काय, आणि रॉड कोरडा आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर रॉडचा विचारच करू नये. ही दृष्टी गॅरेजपर्यंत पोहोचविण्यास तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था साहाय्यभूत ठरू शकतात. दोन पट्ट्यांचा टी-सांधा एकदा ओलसर व एकदा भाजलेल्या ई ७०१८ ने करावा, दोन दिवसांनी तो घणाने मोडावा आणि तुटलेला पृष्ठभाग कारागिरांना दाखवावा. या प्रयोगास फारसा खर्च येत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा हँगर तुटतो तेव्हा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचाही जीव पणाला लागतो, हे ध्यानात घेता एवढा प्रयोग प्रत्येक संस्थेने हंगामापूर्वी करणे उचित होईल.