बाहेरून साधी, आतून जोरदार : 'स्लीपर' गाडीचे काम

अमेरिकेत जुन्या मोटारींच्या धंद्यात 'स्लीपर' हा शब्द नेहमी ऐकू येतो. स्लीपर म्हणजे झोपलेली गाडी. रंग फिका, चाकांवर छोट्या टोप्या, आत साधे बाकडे. पाहणाऱ्याला वाटावे, कुणा पेन्शनर गृहस्थाची गाडी आहे. पण बॉनेटखाली इंजिन असे, की भारी स्पोर्ट्स गाडीही मागे पडावी. आपले अनेक बांधव मेकॅनिक, डेंटर, पेंटर व सीटमेकर आहेत. त्यांनी हे काम समजून घेण्यासारखे आहे.

याचे चांगले उदाहरण म्हणजे शेव्हरोलेची १९६६ सालची 'बिस्केन'. कंपनीच्या मोठ्या गाड्यांतली ही सर्वांत स्वस्त गाडी. साध्या बिस्केनमध्ये सहा सिलिंडरचे ४.१ लिटरचे, १५५ अश्वशक्तीचे इंजिन येई. पण गिऱ्हाईकाने मागणी केल्यास त्याच साध्या बॉडीत कंपनी ७ लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवून देई. आजचे कारागीर जुनी साधी गाडी घेऊन हेच काम स्वतः करतात.

नवखा माणूस आधी इंजिन आणतो. जाणता उस्ताद आधी गाडीखाली शिरतो. चासी, फ्लोअर व दारांखालचा पत्रा टोचून पाहावा. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा. पुट्टी भरून गंज झाकला तर वाढलेल्या जोराने सांधे उकलतात. त्यानंतर ब्रेक. त्या काळच्या बिस्केनला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. म्हणून पुढे डिस्क आणि दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवतात. गाडी पळवण्याआधी थांबवता आली पाहिजे.

मग इंजिन. पुष्कळ लोक १९९७ साली कॉर्व्हेट गाडीत आलेले ५.७ लिटरचे ॲल्युमिनियमचे 'एलएस-१' इंजिन पसंत करतात. ते जुन्या बिडाच्या मोठ्या इंजिनापेक्षा हलके आहे. मात्र त्याला जास्त दाबाचा पेट्रोल पंप, संगणक आणि वेगळे वायरिंग लागते. फाउंडेशन, रेडिएटर, गिअरबॉक्स, शाफ्ट व मागचा एक्सल त्या जोराला पुरेसे हवेत. शेवटी सायलेन्सर मोठ्या नळीचा पण कमी आवाजाचा. बाहेरचा जुना रंग, लोखंडी रिम, मूळ सीटचे कापड तसेच जपायचे. ही जपणूकच खरी कारागिरी.

आपल्याकडे काय? १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ, डीसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. त्यांतल्या काही आजही शौकिनांकडे आहेत. पण इथे कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसेल तरच. म्हणून आपल्या कारागिरांना स्लीपरपेक्षा मूळ स्वरूपात दुरुस्तीचे काम अधिक सुरक्षित. इंजिनाला हात लावण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे.

एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी आहे. स्लीपरने रस्त्यावर आपले गुपित लपवले तर ती गंमत. विकणाऱ्याने ते गिऱ्हाईकापासून लपवले तर ती फसवणूक. कोणते इंजिन बसवले, कुठला पत्रा बदलला, कुठे जोड आहे, हे कामाच्या फोटोंसह बिलावर लिहून द्यावे. मालातला ऐब सांगून विकणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. अशा कमाईत बरकत आहे, आणि तोच गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन आपल्याच गॅरेजात येतो.