लाच आणि कायदा : लेखांक ९ – देणाऱ्याचे काय?

सापळ्यातील नोटांना लावावयाची भुकटी आणि सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारी बोटे यांविषयी या आठवड्यात लिहावयाचे कबूल केले होते. परंतु शेवगाव तालुक्यातील एका वाचकांनी असा प्रश्न पाठविला आहे की, तो ओलांडून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. फेरफाराची नोंद अडवून धरली, नाइलाजाने पैसे मोजले. आता तक्रार केली तर आरोपीच्या पिंजऱ्यात घेणारा उभा राहील की मीही, असे ते विचारतात.

या प्रश्नाचा आपल्याकडील सर्वांत गाजलेला धडा आर्थर क्रॉफर्ड या साहेबाने घालून दिला. मुंबईच्या ज्या मंडईला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, ती आरंभी ज्याच्या नावाने ओळखली गेली, तोच हा एके काळचा म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो मध्य विभागाचा कमिशनर झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर, नाशिक, खानदेश यांबरोबर आपला नगर जिल्हाही त्याच्या अमलाखाली आला. साहेब कर्तबगार खरा; पण खर्चिक इतका की कर्जातून त्याचे डोके कधी वर निघाले नाही. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे घेतले जातात, असा बोभाटा होऊन १८८८ साली हे प्रकरण चव्हाट्यावर आले.

पैसे दिले ते मामलेदारांनी, आणि त्यांच्या तोंडून कबुली आल्यावाचून पुरावा उभा राहणे अशक्य. म्हणून लॉर्ड रे यांच्या मुंबई सरकारने त्यांना अभय दिले: खरे सांगा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्या भरवशावर त्यांनी चौकशी आयोगासमोर जबान्या दिल्या. आयोगाला लाचेचे आरोप सिद्ध झाले असे वाटले नाही. मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्जे उचलल्याचा ठपका उरला आणि १८८९ साली साहेबांची नोकरी गेली.

खरे वादळ त्यानंतर उठले. स्वमुखाने लाच दिल्याचे कबूल करणारा मनुष्य फौजदारी अधिकार चालवीत मामलेदाराच्या खुर्चीवर कसा बसू शकतो, अशी हाकाटी विलायतेत झाली. खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा हिंदुस्थान सरकारने केला खरा, पण नोकरीचे अभय अर्धेच पाळले गेले: दडपणाखाली दिलेले वेगळे आणि स्वार्थासाठी आपण होऊन दिलेले वेगळे, असा भेद करून दुसऱ्या वर्गातील मामलेदारांना बडतर्फ करण्यात आले. टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. लाच देणाऱ्यांविषयी मला फारसा कळवळा नाही. तरीही साक्ष पदरात पडल्यावर शब्द फिरविणाऱ्या सरकारचे वर्तन मला त्यांच्याहून गर्ह्य वाटते, कारण पुढच्या चौकशीत तोंड उघडणारा साक्षीदार त्याने आधीच गमावलेला असतो.

गंमत अशी की, तोच भेद आजच्या कायद्यात येऊन बसला आहे. १८६० च्या दंडविधानातील १६१ वे कलम मुख्यतः घेणाऱ्यावर रोखलेले, आणि देणारा त्याचा साहाय्यक म्हणून गणला जाई. १९५२ साली १६५-अ हे कलम घालून त्या साहाय्यालाच स्वतंत्र गुन्हा केले. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यातील २४ व्या कलमाने लाच दिल्याचा जबाब देणाऱ्याला त्या जबाबावरून खटल्यापासून मुभा दिली होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती मुभा काढून टाकली आणि ८ व्या कलमात देणे हाच गुन्हा ठरविला. अपवाद राहिला तो भाग पाडले गेलेल्याचा, आणि त्यानेही सात दिवसांच्या आत पोलिसांस किंवा तपास यंत्रणेस कळविले पाहिजे. फेरफारासाठी महिनोन् महिने चावडीचे उंबरे झिजविणाऱ्याला आपण नाडले गेलो हे उमगेपर्यंतच सात दिवस उलटतात. ही मुदत मला तोकडी वाटते.

तेव्हा शेवगावकरांना उत्तर असे: पैसे देऊन आठवडा उलटला असेल तर या अपवादाचा आधार तुम्हांस उरत नाही, वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाका. पण मागणी झाली असून पैसे अद्याप दिले नसतील, तर आधी १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागास कळवा. यंत्रणेस आगाऊ कळवून तिच्या साहाय्यासाठी दिलेली रक्कम ८ व्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, आणि सापळ्याचा सारा डोलारा याच तरतुदीवर उभा आहे. त्यातील पंच, भुकटी आणि पंचनामा यांचा विचार पुढील लेखांकी.