वाचले किती, की कितींपैकी वाचले?

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात आलेखांविषयी बोलायला गेलो होतो. गणिताचे माझे रीतसर शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे सारे जुन्या क्रमिक पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून शिकलो. त्या संध्याकाळी मी ‘टायटॅनिक’ जहाजाच्या अपघातातून बचावलेल्यांचा एक रंगीत वृत्तालेख दाखवला. त्यातली सर्वांत मोठी फोड जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची होती. मी ऐटीत म्हणालो, “बघा, जहाज चालवणाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला!”

तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी शांतपणे विचारले, “पण कर्मचारी होते किती?”

आकडा माझ्या वहीत होता, चित्रात नव्हता. १९१२ सालच्या त्या मृतांवर मी एक खोटा आळ घेतला होता, तोही एकही आकडा न चुकवता. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम आकडे पाहू. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे ‘टायटॅनिक’ बुडाले. ब्रिटिश चौकशीच्या अहवालानुसार जहाजावर २,२०१ माणसे होती. त्यांतली ७११ वाचली. वाचलेल्यांत पहिल्या वर्गाचे २०३, दुसऱ्या वर्गाचे ११८, तिसऱ्या वर्गाचे १७८ आणि कर्मचारी २१२. ७११चे शंभर भाग केले तर कर्मचाऱ्यांचे २९.८, पहिल्या वर्गाचे २८.६, तिसऱ्याचे २५ आणि दुसऱ्याचे १६.६. माझ्या वृत्तालेखातल्या फोडी याच.

आता बाईंचा प्रश्न. पहिल्या वर्गात ३२५ प्रवासी होते, दुसऱ्यात २८५, तिसऱ्यात ७०६ आणि कर्मचारी ८८५. म्हणजे पहिल्या वर्गातले शेकडा ६२.५ वाचले, दुसऱ्यातले ४१.४, तिसऱ्यातले २५.२ आणि कर्मचाऱ्यांतले केवळ २४. वृत्तालेखात सर्वांत मोठी दिसणारी फोड प्रत्यक्षात सर्वांत कमी प्रमाणात वाचलेल्या गटाची होती. वाचलेल्यांत कर्मचारी किती, हा एक प्रश्न. कर्मचाऱ्यांत वाचलेले किती, हा दुसरा. अंशस्थानी दोन्हीकडे २१२च आहेत, पण छेद पहिल्यात ७११ आणि दुसऱ्यात ८८५.

प्रवासाचा वर्ग, लिंग, जगला की मेला, ही माहिती मोजमापाची नव्हे, वर्गवारीची आहे. संख्याशास्त्रात तिला गुणात्मक म्हणतात. वय किंवा उंचीसारख्या मोजमापासाठी आयतालेख काढतात. त्याचे स्तंभ संख्यारेषेवर एकमेकांना चिकटून उभे असतात आणि त्यांच्या चढउताराला अर्थ असतो. गुणात्मक माहितीच्या स्तंभालेखात मात्र स्तंभांमध्ये मोकळी जागा सोडतात आणि त्यांचा क्रम बहुधा आपणच ठरवतो. तेव्हा असा आलेख ‘उजवीकडे उतरतो आहे’ असे कोणी सांगू लागले, तर तो उतार माहितीचा की मांडणाऱ्याचा, हे आधी विचारावे.

स्तंभालेख आणि वृत्तालेख ही दोन्ही चित्रे विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाच्या नावावर आहेत. १७८६ साली त्याच्याकडे स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षावरून काळाची रेषा काढता येईना, म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या. वृत्तालेख त्याने १८०१ साली आणला. वृत्तालेख वापरायचा तो एका पूर्णाचे मोजके भाग दाखवायचे असतील तेव्हाच. तेव्हाही डोळा कोनांपेक्षा एका पायावर उभ्या लांब्यांची तुलना अधिक अचूक करतो, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवले. माझ्या चित्रातही २९.८ आणि २८.६ यांतली मोठी फोड कोणती, हे नुसत्या नजरेने कुणाला सांगता आले नसते.

दोन वर्गवाऱ्यांचा संबंध पाहायचा असेल तर शतमान स्तंभालेख घ्यावा: प्रत्येक गटाचा स्तंभ शंभर भागांचा, सर्व सारख्या उंचीचे, आणि आत वाचलेले व बुडालेले असे दोन रंग. चारही स्तंभांतली रंगाची सीमा एकाच पातळीवर असती, तर वर्गाचा जगण्याशी संबंध दिसला नसता. इथे ती ६२.५वरून २४वर येते. पण गट केवढा मोठा होता हे या चित्रात लपते, म्हणून प्रत्येक स्तंभाखाली एकूण संख्या लिहायलाच हवी.

इथेही गोष्ट संपत नाही. तिसऱ्या वर्गापेक्षा कर्मचारी कमी प्रमाणात वाचले, हे आपण पाहिले. मुलामुलींना धरून पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या करा. तिसऱ्या वर्गातले ५१० पैकी ८८ पुरुष वाचले, म्हणजे शेकडा १७.३, कर्मचाऱ्यांतले ८६२ पैकी १९२, म्हणजे २२.३. तिसऱ्या वर्गातल्या १९६ पैकी ९० स्त्रिया वाचल्या, म्हणजे ४५.९, कर्मचाऱ्यांतल्या २३ पैकी २०, म्हणजे ८७. पुरुषांत कर्मचारी पुढे, स्त्रियांतही कर्मचारी पुढे, आणि एकत्र केले की मागे! कारण सरळ आहे. होड्यांत स्त्रियांना प्राधान्य होते, आणि ८८५ कर्मचाऱ्यांत स्त्रिया अवघ्या २३. या गुंत्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

मग माझा आळ खरा ठरला का? नाही. होड्या वल्हवायला काही कर्मचारी पाठवावेच लागले होते. शिवाय पुरुषांत सर्वांत कमी वाचले ते दुसऱ्या वर्गातले, १७९ पैकी २५. कोणी कोणाला मागे लोटले, हे यातला कुठलाच आलेख सांगत नाही. तो फक्त प्रमाण सांगतो. हेतू आपण त्याच्या तोंडी घालतो.

आज निवडणुकीचे, निकालांचे, रोगराईचे रंगीत आलेख रोज आपल्यापुढे येतात. गुन्हेगारांत अमक्या गटाचे इतके टक्के, असे चित्र कोणी दाखवले, की मला तिसरी रांग आठवते. त्या बाईंचे नाव विचारायचे राहून गेले. त्यांचा प्रश्न मात्र तेव्हापासून मी प्रत्येक आलेखाला विचारतो: पण होते किती?