बुळकांडी कोठें गेली?

वडगांवच्या बाजारांत खोंड पारखणारा तरुण शेतकरी आज दांत पाहील, खांदा पाहील, खूर पाहील. परंतु 'बुळकांडी' हा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाहीं. त्याच्या आज्यास मात्र या नांवानें घाम फुटत असे. ताप, तोंडांत व्रण, मग हगवण, आणि थोड्याच दिवसांत दावण रिकामी. बैल गेले म्हणजे नांगर, मोट व गाडी हीं तिन्ही एकदम थांबत. हा रोग आपोआप गेला अशी कित्येकांची समजूत आहे. ती खरी नव्हे.

गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठीं सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं आपल्या पुण्यासच निघाली. दाट वस्तींत असले रोगजंतु बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास नेली. प्रथम, रोगांतून उठलेल्या जनावराचें रक्तजल टोंचीत. त्याचा गुण लगेच येई, पण कांहीं आठवडेच टिके. उसनें बळ तें! पुढें १९२० नंतर डॉ. एडवर्ड्स यांनीं हा विषाणु एका शेळींतून दुसरींत, असा शेंकडों वेळां फिरविला. त्याचा जहालपणा उतरला, मात्र गुरांच्या अंगीं प्रतिकारशक्ति आणण्याचा गुण राहिला. डॉ. प्लौराइट यांनीं केनियांत १९६० च्या सुमारास याहूनहि सौम्य लस सिद्ध केली. एकदां टोंचलें कीं जन्माचें काम झालें.

आपल्या देशांत १९५४ पासून सार्वत्रिक टोंचणी सुरू झाली. खरी कसोटी पुढेंच होती. टोंचलेल्या जनावराच्या रक्तांत रोगास मारक द्रव्यें उत्पन्न होतात; रोगांतून वांचलेल्याच्या रक्तांतहि तींच असतात. मग रोग गेला कीं लपला, हें ओळखावें कसें? संशोधकांनीं टोंचणीच बंद करविली, आणि त्यानंतर जन्मलेल्या गुरांचें रक्त तपासलें. द्रव्यें सांपडलीं तर रोग जिवंत, नाहीं तर गेला. असें धाडस पुराव्यावांचून कोणी करीत नाहीं. भारतांतील शेवटची लागण १९९५ ची. २००६ सालीं देश व २०११ सालीं सर्व जग बुळकांडीमुक्त ठरलें.

लाळ-खुरकुतास हें साधलेलें नाहीं. त्या विषाणूचे प्रकार अनेक, आणि लशीचें बळ महिन्यांत मोजावयाचें. म्हणून दर सहा महिन्यांनीं पुन्हां टोंचावें लागतें. २०२२ सालीं लंपी आली तेव्हां जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. ते हुकूम नोंदवहींत चढविण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे होतें. हुकूम रोगास थोपवितो, परतवीत नाहीं. त्या वेळीं शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोंचली, कारण दोन्ही विषाणु जवळचे भाऊबंद होत.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. या लशीचें संरक्षण अंगीं येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. बाजाराच्या आदल्या दिवशीं टोंचून आणलेला बैल टोंचलेला खरा, पण सुरक्षित नव्हे. घेणाऱ्यानें टोंचल्याची तारीख विचारावी, आणि नवें जनावर कांहीं दिवस वेगळें बांधावें.